शिळा निरोप

पट्टा सुरू झाला तेव्हा रुक्मा खाली नालीत होती. वाकून, दोन्ही हात पट्ट्याखाली घालून ती अडकलेली पऱ्हाटी, कापसाच्या झाडाची वाळकी काडी, ओढत होती. आधी साडीचा पदर गेला, मग उजवा हात. तिने मला हाक मारली नाही. ठेच लागल्यावर माणूस जेवढा आवाज काढतं, तेवढाच तिने काढला. वर भिंतीवर लोखंडी दांडा होता आणि त्याला तिचाच पिवळा दुपट्टा गाठ मारून बांधलेला होता.

हा दांडा काय, दुपट्टा काय, ते सांगते. त्याशिवाय आडे कसा माणूस होता ते समजणार नाही. मला त्याच्याविषयीच लिहायचं आहे. जिनिंगमध्ये सगळे त्याला आडे सर म्हणत. मीही तोंडावर म्हणत होते. इथे म्हणणार नाही.

वणीहून मुकुटबनकडे जाताना रस्त्याला लागून ही जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायची गिरणी. अंगणात कापसाच्या गंज्या लागतात. गंजीखाली नाली आणि नालीत पट्टा. आम्ही बाया कापूस नालीत लोटतो, पट्टा तो आत मशीनवर नेतो. कधी पऱ्हाटी आडवी होते, कधी ओल्या कापसाचा गोळा बसतो, मग कोणाला तरी खाली उतरावं लागतं. उतरणारीने आधी दांडा ओढून पट्टा बंद करायचा आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून दांड्याला बांधायचा. जिचा दुपट्टा तिनेच सोडायचा. शेठ आला तरी दुसऱ्याने गाठीला हात लावायचा नाही. माझी सासू तिथे कामाला होती तेव्हा एक बाई नालीत पट्ट्यात सापडून गेली. तेव्हापासूनची ही रीत.

आडे आला तो कॉम्प्युटरचा माणूस म्हणून. पांढरकवड्याकडच्या तांड्यावरचा, शिकून मोठा झालेला. त्याची एक सवय मी पहिल्या दिवशी पाहिली. फाटकातून येताना म्हणाला, "आजी, कसं काय, बरं आहे ना?" मी तोंडावरचा दुपट्टा खाली करेपर्यंत तो पायऱ्या चढून आत गेला होता. रोज तसंच. प्रश्न टाकायचा आणि चालू पडायचं. रुक्मा माझी धाकटी जाऊ, तोंडाची तिखट. ती एकदा त्याच्या मागून म्हणाली, "सर, माया नवरा मेला."

"छान, छान," म्हणत तो गेला. नवरा तिकडे ट्रॅक्टर रिकामा करत होता. बाया दिवसभर हसत होत्या. मला हसू आलं नाही.

त्याचं काम काय, ते त्यानेच आम्हाला एकदा जेवणाच्या सुट्टीत समजावलं. जिनिंगमध्ये काट्याचं कॉम्प्युटर वेगळं, गोदामाचं वेगळं, हिशेबाचं वेगळं, मशीनचं वेगळं. एकाचं बोलणं दुसऱ्याला समजत नव्हतं. म्हणून गणपत मुकादम चिठ्ठ्या घेऊन इकडून तिकडे पळायचा. आडेने मधे आणखी एक कॉम्प्युटर बसवलं. त्याला तो पेटी म्हणायचा. काट्याने वजन केलं की निरोप पेटीत टाकायचा. हिशेबवाल्याला सवड झाली की त्याने पेटीतून घ्यायचा.

"टाकणाऱ्यानं थांबायचं नाही," आडे म्हणाला. "घेणारा झोपला असला तरी निरोप पेटीत राहतो. उठला की त्याला मिळतो. विजेची लाइन गेली तरी राहतो. जो आधी आला तो आधी निघतो. पेटीत पडला म्हणजे पोचला, आजी. माझा निरोप हरवत नाही."

मग त्याने आपल्या खापरपणजोबाची गोष्ट सांगितली. तो बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या घालून मुलूखभर फिरायचा आणि कधी एक गोणी कमी पडली नाही. "मी तेच करतो. मीठ नाही, निरोप नेतो."

रुक्माने भाकरीचा घास गिळला आणि म्हणाली, "गोण्या तं पोचल्या सर. पण वाटेत पाणी लागून मीठ विरघळलं असन तं? रिकामी गोणीच मोजली का त्याईनं?"

बाया हसल्या, तोही हसला. "रुक्माबाई, तुमच्याशी कोण बोलणार," म्हणाला आणि उठून गेला.

त्याच्या पेटीने काम सोपं झालं, हे खरं आहे. आधी चिठ्ठी हरवली की काट्यावर भांडण व्हायचं, शेतकरी एक सांगायचा आणि मुकादम एक. ते थांबलं. ट्रॅक्टर लवकर रिकामे होऊ लागले. शेठ खूश होता. माणूस खोटा नव्हता, कामचुकारही नव्हता. मला त्याचा राग होता तो वेगळ्या गोष्टीसाठी. सांगितलं म्हणजे समोरच्याला समजलं, असं तो धरून चालायचा.

त्याची आई एकदा फाटकाशी आली. सकाळची येऊन बसली होती, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. म्हातारी माझ्याच वयाची, हातावर गोंदण. मी तिला पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. आडे त्या दिवशी नागपूरला गेला होता.

मी विचारलं, "तुमाले यायले सांगतलं होतं का त्यानं?"

"फोनवर लिवलं होतं, सोमवारी ये म्हणून. फोन शेजाऱ्याचा. थो बंद पडला होता. काल सुरू झाला तं शेजारी म्हणे, तुया पोराचा निरोप आहे."

"मंग थो मागचा सोमवार होता, बाई."

म्हातारीने भाकरीचं फडकं मांडीवर ठेवलं. "असनच," म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे. हाक मारते अन् पयून जाते, थांबत नाई."

दुसऱ्या दिवशी आडे आला तेव्हा मी त्याला अडवलं. म्हटलं, "सर, तुमची माय येऊन गेली. दिवसभर उन्हात बसली."

आईला तो याडी म्हणायचा. म्हणाला, "याडी? अरे. पण निरोप पोचला ना तिला?"

"पोचला. शिळा होऊन पोचला. शिळी भाकर ढोराले तरी घालता येते. शिळा निरोप कोणाले घालता?"

त्याने मोबाइल काढला, चालता चालता आईला काहीतरी लिहिलं आणि आत गेला.

त्याच मोसमात शेठने पट्टाही पेटीला जोडायला लावला. आत मशीनचा माल संपला की मशीन पेटीत निरोप टाकणार, "माल पाठव." पट्टा तो निरोप घेणार आणि तेवढा माल जाईपर्यंत चालणार. मग पुढचा निरोप. दांड्याजवळ उभा राहायला माणूस नको. नालीच्या काठाला एक लाल बटन लावलं, त्यावर मराठीत "थांबा" लिहिलं. ते दाबलं की तोही निरोप पेटीतच जायचा, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. दांड्याची वायर काढून टाकली होती. तेही सांगितलं नाही. म्हणजे आडेने गणपत मुकादमाला मोबाइलवर लिहून पाठवलं होतं, आणि मुकादमाने ते पाहिलं नव्हतं. आडेच्या हिशेबाने ते पोचलं होतं.

दांडा मात्र भिंतीवर तसाच राहिला. बाया तो ओढायच्या, दुपट्टा बांधायच्या आणि लाल बटनही दाबायच्या. पेटीत पुढे दुसरा निरोप नसायचा, म्हणून बटनाने पट्टा थांबायचा. आम्हाला वाटायचं दांड्याने थांबला. आडेने एकदा दांड्याला बांधलेला दुपट्टा पाहिला. मी बाजूलाच होते. तो सोबतच्या पाहुण्याला म्हणाला, "याला आता काही अर्थ नाही. पण राहू द्या, बायकांच्या मनाला बरं वाटतं." मला वाटलं, तो आमच्या रीतीला हसतो आहे. पण दांडा मेला आहे, असं तो सांगत होता. पाहुण्याला सांगत होता. मला नाही.

रुक्मा पट्ट्यात सापडली त्या दिवशी दुपारी लाइन गेली. पट्टा थांबला, मशीन थांबली. मशीनचं कॉम्प्युटर पेटीसारखंच बॅटरीवर होतं. ते जागं होतं आणि त्याच्याकडचा माल संपला होता. ते पेटीत निरोप टाकत राहिलं, माल पाठव, माल पाठव. घेणारा पट्टा झोपलेला होता. निरोप पेटीत साचत गेले. हे सगळं मला नंतर कळलं, पोलिसांपुढे आडेच सांगत होता तेव्हा.

गणपत मुकादम म्हणाला, "लाइन नाई तंवर नाली साफ करून घ्या." रुक्मा उतरायला निघाली. तिने दांडा ओढला, दुपट्टा सोडला आणि बांधला. पट्टा बंदच होता, म्हणून बटन दाबलं नाही. मी काठावर सब्बल, लोखंडी पहार, घेऊन उभी होते, गोळा घट्ट बसला असेल तर वरून ढोसायला.

तेवढ्यात आडे समोरून गेला. मी म्हटलं, "सर, रुक्मी खाली उतरली. हा मधातच सुरू तं नाई होणार?"

"बंद आहे, आजी," तो म्हणाला. पाय थांबले नाहीत.

मी विचारलं होतं, सुरू होणार नाही ना. त्याने सांगितलं, बंद आहे. अर्धा प्रश्न ऐकला आणि अर्ध्याचं उत्तर देऊन गेला. लाइन आल्यावर काय होईल, ते साऱ्या जिनिंगमध्ये त्या एका माणसाला माहीत होतं.

लाइन आली. पट्टा जागा झाला. पेटीत त्याच्या नावाचे निरोप पडले होते, त्याने पहिला उचलला. मघाचा, कोणी खाली नव्हतं तेव्हाचा निरोप. माल पाठव.

मी लाल बटन दाबलं. पट्टा थांबला नाही. पुन्हा दाबलं, मुठीने दाबलं. माझा "थांबा" पेटीत गेला आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहिला. मी ओरडले. आडे मागे वळून धावत आला. त्याने नालीत पाहिलं. रुक्माचं डोकं पट्ट्याच्या कडेला आदळत होतं. तो तिथून उलटा फिरला आणि आपल्या खोलीकडे पळाला, पेटीत माझा निरोप शोधून पुढे काढायला. नालीत उतरला नाही. बाईला हात लावला नाही. त्याला वाटलं, तेच जलद होईल. असेलही. मी त्याची वाट पाहिली नाही.

मी नालीत उडी घेतली आणि सब्बल पट्टा आणि रुळाच्या मधे घातली. माझ्या गुडघ्यात तेव्हा काहीतरी मोडलं, ते अजून तसंच आहे. सब्बल वाकली, पट्टा फाटला, मोटार रडल्यासारखी घुमली आणि जळका वास आला. मग गणपतने मेन स्विच खाली ओढला. साऱ्या जिनिंगमध्ये एकदम शांत झालं. तेव्हा मला रुक्माचा श्वास ऐकू आला.

तिला आधी वणीला नेलं, तिथून पुढे पाठवलं. मी जिनिंगच्या ओट्यावर बसून होते, कारण मला उठता येत नव्हतं. पोलीस आले, शेठ आला. आडे त्यांच्यापुढे उभा होता, शर्ट घामाने चिकटलेला. शेठने विचारलं, बटन का चाललं नाही. आडे म्हणाला, "बटन चाललं. निरोप पेटीत आला होता. सिस्टिमनं एकही निरोप हरवला नाही."

तो खरं बोलत होता. दुसऱ्या दिवशी फाटका पट्टा काढला, नवा बसवला आणि मेन स्विच वर केला. पट्टा चालू लागला, आणि चालता चालता कोणी हात न लावता जागेवर थांबला. माझ्या निरोपाचा नंबर लागला होता. गणपतने हे मला घरी येऊन सांगितलं.

त्यानंतर बायांनी काम बंद केलं. दांड्याची वायर परत जोडेपर्यंत एकही बाई गंजीवर चढली नाही. शेठने समजावलं, मग धमकी दिली, मग वायर जोडली. आता दांडा खाली असला की पेटीने काहीही म्हटलं तरी पट्टा हलत नाही. लावायचंच होतं तर आधी लावता आलं असतं. एक वायर होती.

आडेला काढलं की तो आपण होऊन गेला, मला माहीत नाही. जाण्याआधी एकदा आमच्या घरी आला. मी अंगणात तूर पाखडत होते. तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, रुक्माबाई कशा आहेत?"

मी सूप खाली ठेवलं नाही. म्हटलं, "जाय न आता. इचारलं न? पेटीत पडलं. पोचलं."

तो गेला नाही. तिथेच उन्हात उभा राहिला. मी तूर पाखडत राहिले. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा उत्तरासाठी थांबला होता आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. दारी आलेल्याला पाणी न विचारणं आमच्यात फार वाईट समजतात. मला ते माहीत होतं.

आतून रुक्माचा आवाज आला. "बाई, कोण आहे व दारात?"

"कोणी नाई," मी म्हटलं.

"आडे सर दिसतात. त्याईले सांगा, माया नवरा अजून मेला नाई म्हणा."

आडेने तोंडावर हात ठेवला. मग वळला आणि गेला, या वेळी हळू. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. पुण्याला आहे म्हणतात, मोठ्या कारखान्यांना पेट्या बसवतो.

रुक्माचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. ती जगली.