नारंगी ताट

कुठलंही ताट हातात आलं की काकू आधी ते उलटं करायच्या. “पाठ बघायची गं. तोंड काय, कुणीही रंगवतं.” लोकांकडे जेवायला गेल्यावरही हेच. अशी एखादी काकू तुमच्याही ओळखीत असेल.

न्यू लिन या आमच्या उपनगरातल्या ऑप-शॉपमध्ये लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू आम्ही दोघी शनिवारी विकायला लावायचो. मी फारशी बोलत नसे. त्यांचं त्यावाचून काही अडत नसे.

त्यांचा जीव जुन्या अमेरिकन ताटांवर. मंदीच्या काळात तिथल्या एका कारखान्याने चिनी मातीची एकरंगी, भडक ताटं काढली. बायकांनी हवे ते रंग जमवावेत म्हणून. काकूंच्या तोंडून ऐकताना ते रंग म्हणजे एका घरातल्या जावा वाटत. “पिवळी गरीब. निळी घरंदाज. नारंगी मात्र ठसकेबाज! अंगात युरेनियम. युद्धात ते सरकारनेच नेलं. बाई कितीतरी वर्षं गायब.”

लेकीच्या लग्नात त्यांनी प्रत्येक रंगाचं एकेक ताट दिलं. शिवाय, स्टीलच्या भांड्यांवर घालतात तशी मशीनने दोघांची नावं मागे घातली. एखादा संग्राहक ते पाहून रडलाच असता.

एका शनिवारी लेक दुकानात आली. काकू मागच्या खोलीत होत्या. तिने नारंगी ताट माझ्या हातात कोंबलं. “ममला दाखवू नको, प्लीज. आय’म प्रेग्नंट. याच्यावर जेवायची भीती वाटते. पण नावं आहेत ना, बिनमध्ये टाकवत नाही. ममला संडेला सांगणारे मी.” मी “बरं” म्हटलं, आणि ती गेली.

मी ताट काउंटरखाली सरकवतच होते, तेवढ्यात काकू आल्या. ताट घेतलं, उलटं केलं.

“नाव घातलेलं भांडं कुणी टाकतं का गं?” त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“काकू, त्यात युरेनियम आहे ना.”

“ते तिला लग्नाआधीपासून माहितीये. इतके दिवस जेवलीच की. मग आत्ताच काय...”

त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे पाहिलं.

त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावरून काही लागेना. मी शब्द पाळला की मोडला, तेही मला अजून कळत नाही.

“तू काही बोलली नाहीस हं,” त्या म्हणाल्या. “आणि मला काही माहीत नाही.”

आता त्या हॅमिल्टनला, नातीजवळ असतात. शनिवारी मी एकटीच वस्तू लावते. आठवतात त्या दिवशीच्या काकू, विकायला ठेवलेल्या कपाटाच्या आरशासमोर उभ्या: भुवया वर, तोंड उघडं, “अगंबाई, खरंच?” मग पदराने डोळे पुसायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.