दात गेलेली मेंढी

जावयाचा पाय मोडला तेव्हा लेकीचा फोन आला, "बाबा, विंटरभर येऊन राहाल का? मला एकटीला नाही जमणार." चँडलरच्या चिप कंपनीतून मी नुकताच रिटायर झालो होतो. ॲरिझोनाच्या उन्हात कुंडीतलं रोपसुद्धा न जगवलेला माणूस. कोलोराडोच्या डोंगरात तिचं मेंढ्यांचं फार्म इतकं उंचावर, की गाडीतून बॅग काढतानाच मला धाप लागली.

तिथे उन्हाळा एवढासा, आणि त्यातही दुपारी पाऊस. कापलेलं गवत नीट वाळतच नाही. म्हणून ते ओलसर असतानाच त्याचे मोठाले गोल गठ्ठे बांधतात, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात आणि आतल्या आत मुरू देतात. लेक त्याला सायलेज म्हणे. मी मात्र आपला मुरघासच म्हणायचो. गठ्ठा फोडला की आंबूस वास सुटायचा आणि बर्फात पांगलेल्या मेंढ्या धावत यायच्या.

एक म्हातारी तेवढी मागे राहायची. तिचे पुढचे दात पडले होते. कोरडं गवत तिला तोडता यायचं नाही, आणि मऊ मुरघासाजवळ बाकीच्या तिला येऊ देत नसत. मी तिचा वाटा बादलीत वेगळा काढायला लागलो. शेडच्या मागे, वारा लागणार नाही अशा जागी बादली धरून उभा राहायचो. "चल, ये," म्हणायचो. आधी ती लांबच थांबायची. मग कधीतरी जवळ आली, आणि त्यानंतर मी दिसायच्या आत तिथे येऊन उभी असायची.

"बाबा, दे आर नॉट पेट्स," लेक म्हणाली.

"मी कुठे काय करतोय? खायला घालतोय फक्त."

वसंतात म्हातारी व्याली. कोकरू धडधाकट होतं. चँडलरला बायकोला फोन करून मी ते असं सांगितलं, जसं काही माझंच कर्तृत्व.

जावई बरा झाला, मी घरी परतलो. पानं पिवळी पडल्यावर आम्ही दोघं पुन्हा लेकीकडे गेलो, या वेळी पाहुणे म्हणून. सकाळी चहा पिताना लेक म्हणाली, "आज ट्रेलर येतोय. ज्यांचे दात गेलेत त्या मेंढ्या जातील."

कुठे जातील हे विचारायची गरज नव्हती. "तीसुद्धा?"

"हो."

"तिला ठेवू ना. मी येत जाईन दर विंटरला."

"आणि ज्या वर्षी येणं जमणार नाही तेव्हा? ती उपाशी मरेल, बाबा. हळूहळू."

मी चहा बाजूला ठेवला. लेक आपल्या कपाकडे बघत म्हणाली, "ती कोणाच्या हाताला लागत नाही. मागे कुत्रा लावला तर घाबरून पडेल. तुमच्या मागे येईल."

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

लेकीने नवा गठ्ठा फोडला, मी बादली भरली. म्हातारी आली. माझ्या पँटला अंग घासत ट्रेलरपर्यंत चालली. चढायच्या फळीपाशी मात्र थांबली. मी आत चढून बादली हलवली. "चल, ये." ती चढली, बादलीत तोंड घातलं आणि शांतपणे खायला लागली. ड्रायव्हरने मागचं दार ओढलं. मी बाजूच्या छोट्या दारातून बाहेर पडलो. आयुष्यात कधी मटणाला शिवलो नाही. त्या जोरावर आपले हात स्वच्छ आहेत असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

संध्याकाळी लेक माझ्याशेजारी येऊन बसली. "थँक यू, बाबा." मग म्हणाली, "दरवर्षी हे मी करते. या वेळी तुम्हाला सांगितलं, कारण… आय कुडन्ट." तिचे डोळे सुजलेले होते. दिवसभर मी तिच्याशी धड बोललो नव्हतो. ती निबर झाली आहे असंच मनात धरून बसलो होतो. मी तिला जवळ घेतलं.

यंदा थंडी सुरू होताना तिचा फोन आला. जावई ठणठणीत आहे, तुम्ही आराम करा, म्हणाली. फोन ठेवल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली.

"अहो, जायचं नाही का?" बायकोने विचारलं.

"गरज नाही म्हणाली," मी म्हटलं, आणि बाहेर काढून ठेवलेले लोकरीचे मोजे परत कपाटात ठेवले.