मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना

पत्नीच्या मेंदूचे पहिले चित्र पाहिले तेव्हा, सांगायला संकोच वाटतो, मला ते सुंदर वाटले. माझी सारी नोकरी मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाटने करण्यात गेली. आधी मध्यरेषा आखायची, मग उजवी बाजू डावीशी तंतोतंत जुळवायची. ठाण्याच्या रुग्णालयात डॉक्टरबाईंच्या पडद्यावरही मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूत अगदी खोलवर, दोन पांढरे डाग होते. एकाच आकाराचे, समोरासमोर.

"दोन्हीकडे सारखं आहे ना काका, म्हणूनच संशय आला," त्या म्हणाल्या. "रक्ताची गुठळी अशी मोजूनमापून बसत नाही. यांच्या शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व संपलंय."

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या उलट्या थांबल्याच नव्हत्या. टिकेल ते द्यावे म्हणून कित्येक आठवडे भाताची पेज, साबुदाणा आणि ग्लुकोजचे पाणी एवढेच चालले होते. कोपरीहून तिची धाकटी बहीण येई आणि पातेल्यात डोकावून म्हणे, "भाऊजी, ही पेज आहे की भांडं विसळलेलं पाणी?" पत्नी क्षीणपणे हसे. मग एका सकाळी तिला एका पेल्याचे दोन दिसू लागले. पाय फाकवून, भिंत धरून ती चालू लागली. आणि बहिणीला तिने "आई" म्हणून हाक मारली.

इंजेक्शने सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिची नजर सरळ झाली. पुढे पायही सावरले. त्या वेगाने मला लोभ सुटला. आठवणही अशीच परतेल, असे मी धरून चाललो.

आठवण परतली नाही. लग्नानंतरच्या भाड्याच्या खोलीतील भिंतींचा रंग तिला आठवे, पण सकाळचे बोलणे दुपारी उरत नसे. रिकाम्या जागी ती काहीतरी भरी, तेही अगदी मनापासून.

"काल आपण कोपरीला गेलो होतो ना?"

"अगं, नाही. काल आपण घरीच होतो."

"असं का? मग मला कसं दिसतंय?"

चुकीची रेघ वेळीच खोडली नाही तर तीच पक्की होते, या समजुतीने मी प्रत्येक वेळी दुरुस्ती करीत असे. तिचा चेहरा ओशाळा होई. तरीही मी थांबत नसे, कारण ती बरी होणार होती.

काही महिन्यांनी दुसरे चित्र काढले. डाग नाहीसे झाले होते.

"म्हणजे आता आठवण परत येईल?" मी विचारले.

डॉक्टरबाईंनी जुने चित्र नव्याशेजारी लावले. "सूज गेली, काका. पण खालचे हे दोन छोटे उंचवटे पाहा, आक्रसलेत. नवी आठवण साठते ती यांच्या वाटेने. फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही."

दोन्ही उंचवटे आक्रसले होते. तेही सारखेच.

परतताना टॅक्सीत धाकटी बहीण होती. ती आठवडाभर आमच्याकडे राहायला येत होती. पत्नी एकाएकी म्हणाली, "अहो, काय छान झाल्या होत्या आज अळूवड्या!"

"कुठल्या गं?"

"हिच्याकडच्या. सकाळी कोपरीला गेलो होतो ना? तुम्ही चार खाल्ल्यात."

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी दुरुस्त करीन, याची ती वाट पाहत होती.

"पाच," मी म्हणालो.

धाकटी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मोजत कोण बसलंय, ताई? आधीच खादाड आहेत भाऊजी."

पत्नी खळखळून हसली. कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत ते हसू तिच्या चेहऱ्यावर होते. घराशी उतरताना तिने माझा हात धरला आणि विचारले, "आपण कुठून आलो हो?"

"कोपरीहून," मी म्हणालो.