कॅरव्हॅनचं नाक

नवऱ्याने जुनी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली तेव्हा माझे सासू-सासरे इंग्लंडला, मेडनहेडमध्ये, आमच्याकडे आलेले होते. सासरे नागपूरचे, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर बाजारातले तराजू तपासलेला माणूस, इथे दिवसभर खिडकीशी बसून कौन्सिलच्या कचरागाडीची वाट बघायचा. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. कुठल्याही विषयावरचे तीन व्हिडिओ पाहिले की तो त्यातला तज्ज्ञ होतो.

पहिल्या सहलीसाठी सगळं सामान आम्ही कॅरव्हॅनच्या पुढच्या भागात कोंबलं. ती गाडीला जोडली तशी गाडी मागून खाली बसली आणि तिचे दिवे समोरच्या घराच्या बेडरूमकडे बघायला लागले.

"तुझा कुकर," नवरा म्हणाला.

"कुकर दोन किलोचा आहे."

"कुकर, कणीक, डाळी, तो खलबत्ता. सगळं ॲड होतं."

सहल रद्द झाली. मग त्याला एका अमेरिकन व्हिडिओत उपाय सापडला: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. जोडणीच्या दोन्ही बाजूंना जाड लोखंडी दांडे असतात. ते ताणून बसवले की गाडीच्या मागच्या चाकांवरचा थोडा भार तिच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा कॅरव्हॅनच्या चाकांवर जातो, असं त्याने जेवताना काटे-चमचे मांडून समजावलं.

"म्हणजे वजन कमी होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा, डिस्ट्रिब्यूट होतं."

"बदली," सासरे म्हणाले. "माणूस तोच, ऑफिस दुसरं." आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

दोन आठवड्यांनी खोकं आलं. ते दारातून आत घ्यायला दोघे लागले. गॅरेजवाल्याने मात्र हात लावायलाही नकार दिला. हे अमेरिकेतल्या ट्रेलरसाठी असतं, तुमच्या कॅरव्हॅनची पुढची फ्रेम एवढा ताण सोसणार नाही, असं त्याने चहा पीत सांगितलं. नवऱ्याने खोकं कॅरव्हॅनच्या अगदी मागच्या बेडखाली ठेवलं. "कधीतरी लागेल." पुढचा भार कमी करायचा म्हणून माझं स्वयंपाकघरही मागेच गेलं. आता गाडी एकदम सरळ दिसत होती. त्याने तिचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या सहलीला गाडी मी चालवत होते, कारण नवऱ्याला नेव्हिगेशन करायचं होतं. मोटरवेवर शेजारून एक लॉरी गेली आणि मागची कॅरव्हॅन हलायला लागली. आधी थोडी, मग डावीकडे-उजवीकडे अशी की स्टिअरिंग माझ्या हातात राहीना. सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. नवरा "ब्रेक, ब्रेक!" म्हणत होता.

"ब्रेक नको," मागून सासरे शांतपणे म्हणाले. "ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. चाक सरळ धर."

मी तेच केलं. वेग उतरला, तसं हेलकावणं थांबलं. पुढच्या एक्झिटला बाहेर पडून हळूहळू घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, बाथरूममधला वजनकाटा आणि एक वही घेऊन ड्राइव्हवेवर उभे होते. त्यांनी आधी कॅरव्हॅन गाडीपासून सोडवायला लावली आणि तिचं नाक, म्हणजे जोडणीचं पुढचं टोक, एका हाताने उचलून दाखवलं. "पुढे काहीच नाही. म्हणून शेपूट हलते."

मग सगळं सामान बाहेर आलं आणि एकेक वस्तू काट्यावर चढली. माझं अख्खं स्वयंपाकघर चौदा किलो भरलं. शेवटी ते खोकं आलं. मी आणि नवऱ्याने मिळून ते काट्यावर ठेवलं. एक्केचाळीस.

"हे कशासाठी आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"वजन बॅलन्स करायला," नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता वहीत नोंद केली. मी हसू दाबत आत पळाले.

खोकं शेडमध्ये गेलं. बाकीचं जड सामान सासऱ्यांनी चाकांच्या वर, जमिनीलगत लावून घेतलं. हलकं ते कपाटात. कॅरव्हॅनच्या नाकाखाली लाकडाचा तुकडा उभा करून तो काट्यावर टेकवला आणि गाडीच्या जोडणीवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेच्या जरा खाली आकडा येईपर्यंत डाळींचे डबे पुढे-मागे सरकवले. नवरा डबे उचलून देत होता.

तिसऱ्यांदा आम्ही न्यू फॉरेस्टच्या जंगलात पोचलो. वाटेत कितीतरी लॉऱ्या शेजारून गेल्या, कॅरव्हॅन जागची हलली नाही. कॅरव्हॅन लावायच्या साइटवर शेजारच्या माणसाला नवरा सांगत होता, "आम्ही सगळं नीट कॅल्क्युलेट केलं." सासऱ्यांनी ते ऐकलं आणि बुटांची नाडी बांधून ते फिरायला गेले.

एका तासाने बघते तर ते तीन गोऱ्या म्हाताऱ्यांमध्ये उभे. कोणाची तरी कॅरव्हॅन पुढे कललेली होती. "हेवी थिंग, डाऊन. अबॉव्ह द व्हील," सासरे ठणकावून सांगत होते आणि ते तिघे माना डोलवत होते. एकाने त्यांना चहाचा मग आणून दिला.

सासूबाई माझ्याशेजारी उभ्या राहून बघत होत्या. "आल्यापासून एवढं बोलले नव्हते गं," त्या म्हणाल्या. "आपण अजून दोन दिवस राहू या का?"

मी ऑफिसला रजेचा मेसेज केला आणि आम्ही राहिलो.