लूम थांबले की राजा

लाइट गेली की धामणकर नाक्यावरच्या आमच्या शाळेभोवतीचे कापडाचे खडखडणारे लूम एकदम बंद पडायचे. मग इतिहासाचे सर बोट वर करून म्हणायचे, "थांबले! आता राजा." पोरं पुस्तकं मिटायची. मी शेजारच्या वर्गात शिकवता शिकवता कान द्यायची. मध्ये नुसती पत्र्याची भिंत.

राजा म्हणजे यहूदियाचा हेरोद. अभ्यासक्रमात त्याचा पत्ता नाही, पण सरांना तोच लागायचा. "मुकुट याच्या डोक्यावर, पण दिलेला रोमने. झोप कशी लागणार?" संशयापायी त्याने लाडक्या राणीला मारवलं, आणि मग नोकरांना सांगत सुटला, राणीला बोलवा. इथे सरांचा आवाज बसायचा. दर वेळी! मधल्या सुट्टीत मी चिडवायची, "तुमची कोण लागते हो ती?" ते हसून आपला अर्धा चहा माझ्या कपात ओतायचे. एकोणीस वर्षं ओतला.

मग संस्थेने त्यांना प्रभारी मुख्याध्यापक केलं. पहिल्याच वर्षी मराठीचे वर्ग बंद झाले, आणि मला कमी केल्याच्या पत्रावर सही सरांची! मी तोंडावर म्हटलं, "शोभलात हो, रोमने बसवलेले राजे." ते पुटपुटले, "बाई, मी नसती केली तर दुसऱ्याने केली असती." मी तशीच खारबावला घरी आले.

काही महिन्यांनी शिपाई सलीमभाईंचा फोन आला. "बाई, सर बुला रहे हैं. रोज बोलवतात."

माझं डोकं सणकलं. "सांगा त्यांना, बाई मेल्या."

नंतर गेले ते सरच. शोकसभेला मी शाळेत गेले, तेव्हा सलीमभाईंनी मला बाजूला घेतलं. सरांना विसर पडायला लागला होता. सही केलेलीही आठवत नव्हती. मधली सुट्टी झाली की टेबलावर दोन कप मांडायचे आणि म्हणायचे, "बाईंना बोलवा." बाई शाळा सोडून गेल्या, असं सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आणि माझा निरोप?"

"आपने बोला वैसाच सांगितला. वाटलं, रोजचं विचारणं तरी थांबेल. बहुत रोये, बाई. उसके बाद एकच कप मांडायचे."

माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

सभा माझ्या जुन्या वर्गात चालू असताना लाइट गेली. लूम थांबले. मी पत्र्याच्या भिंतीकडे कान देऊन बसले.