शांतीबाईचा लहान आकडा

दुपारची जेवणं झाली की माझ्या सासूबाई ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या आणि जाग आली की स्वप्न सांगायच्या. त्या स्वप्नांत नेहमी पाणी असायचं. कधी त्या गावतलावावरून अनवाणी चालत पलीकडे जायच्या, कधी सारसाची जोडी अंगणात येऊन त्यांना जेवायला बोलवायची. शांतीबाई त्यांचं नाव. मी आत्याबाई म्हणते. वय सदुसष्ट, वजन अठ्ठ्याण्णव किलो, आवाज मात्र पोरीचा. ऐकता ऐकता माझ्या सुपातले तांदूळ निवडायचे राहून जायचे.

त्या आडव्या का होत नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे दुधराम, एकोणऐंशी वर्षांचे काडीपैलवान. गावतलावाच्या पाण्याच्या पाळ्या चाळीस वर्षं त्यांनीच लावल्या. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी सोडायचं ते त्यांनी ठरवायचं आणि गावानं मुकाट ऐकायचं. आपल्या धानासाठीसुद्धा त्यांनी कधी पाळी मोडली नाही. घरातही तोच कायदा. ज्याची गरज मोठी, त्याची पाळी आधी.

दिवाळीनंतर गावात रक्ततपासणीचं शिबिर आलं. हृदय थकलं की रक्तात एक आकडा चढतो, म्हणे. तोही तपासणार होते. दोघांनी हात पुढे केले. चार दिवसांनी रिपोर्ट गजेंद्रच्या, माझ्या नवऱ्याच्या, मोबाइलवर आले. समजावून सांगायला डॉक्टर नव्हता. कागदावर फक्त 'तीनशेपर्यंत ठीक' एवढं छापलेलं. म्हातारा असो की तरणा, बाई असो की माणूस, सगळ्यांना एकच माप. मामाजींचा आकडा सहाशे दहा. आत्याबाईंचा दोनशे चाळीस.

झालं! मामाजी बिमार ठरले. खाट उन्हात आली, ताटातलं मीठ गेलं, गोंदियाच्या डॉक्टरची तारीख मिळाली. आत्याबाईंची पाळी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, झाल्यावर.

मग त्या ठणठणीत म्हाताऱ्याला आत्याबाई खाटेवर पाणी नेऊन द्यायच्या आणि वाटेत भिंतीला हात टेकून थांबायच्या.

"काऊन थांबल्या जी?" मी विचारलं.

"दम लागून राहिला, बाई. पण माझा आकडा तं लहान हाय. आळसच असन."

"वजन कमी करा थोडं," मी म्हणाले. हसूनच म्हणाले. ते हसू अजून मला बोचतं.

मामाजींच्या तारखेच्या दिवशी सकाळी तलावावरचं धुकं उठायलाच तयार नव्हतं. गोठा, तलावाची मातीची पाळ, पळसाची झाडं, सगळं पांढऱ्यात विरघळलेलं. आपलं घरच कुठेतरी तरंगत चाललंय असं वाटत होतं. आत्याबाईंनी खुर्चीत डोळे उघडले.

"आज तं गंमतच झाली," त्या म्हणाल्या. "तलाव माझ्या आंगात आला. आडवी झाली का पाणी गळ्यापर्यंत येते, उठून बसली का खाली जाते."

मला हसू आलं. मामाजींना आलं नाही. ते खाटेवरून उठले, बायकोच्या पायाशी बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ते त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होते.

"पाळ आतून भिजली का बोट असंच रुतते," ते मला म्हणाले. "हे सपन नाई, निशा." मग आत्याबाईंकडे वळून, "कवापासून हाय?"

"पोळ्यापासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमची पाळी होती ना जी."

मामाजींचा चेहरा पडला. त्यांनी टोपी घातली. आज डॉक्टरकडे आधी ती जाणार, एवढंच म्हणाले.

गाडीत आत्याबाई खिडकीशी बसल्या. बाहेर कापलेल्या बांध्या धुक्यात बुडाल्या होत्या. "गाडी पोहून राहिली," त्या पुटपुटल्या. मला फार भीती वाटली, पण मी त्यांचा हात धरून 'हो' म्हटलं.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या छातीला नळी लावली, सोनोग्राफीत हृदय पाहिलं आणि मग रिपोर्ट बाजूला सरकवले. "बाबा, तुमचं हृदय चांगलं आहे. वय वाढलं की हा आकडा वाढतो, आणि सडपातळ माणसात जास्तच दिसतो. बायकांचा तर पुरुषांपेक्षाही थोडा चढा असतो. तरी आजींचा कमी आला, कारण वजन जास्त असलं की रक्तात तो कमी दिसतो. मग आकड्यावर विसंबून चालत नाही, पाय आणि श्वास बघावे लागतात. यांचं हृदय निम्म्या ताकदीवर आलंय, फुफ्फुसात पाणी आहे. आजच भरती करा. वेळेत आणलंत, औषधानं पाणी उतरेल."

आत्याबाई सगळं नीट ऐकत होत्या.

"म्हणजे मी खरंच बिमार होती?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी. बरीच."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. घाबरून नाही; सुटल्यासारख्या रडत होत्या त्या.

"ढोंग नाई करत होती मी," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना नाही, मला.