खडू खाली ठेवा, मग हात फिरवा

टिळेकर सरांची आणि माझी पहिली ओळख बोलणी खाऊनच झाली. लोणावळ्याच्या महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फळ्यापुढे बोलावलं. तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेने फिरतं, ते दाखवायचं होतं. उजव्या हाताचा अंगठा विजेच्या दिशेने धरायचा; बोटं वळतात ती क्षेत्राची दिशा. माझ्या उजव्या हातात खडू होता, म्हणून मी डावा हात फिरवला आणि उत्तर नेमकं उलटं आलं. "खडू खाली ठेवा, मग हात फिरवा," सर म्हणाले. ही चूक दरवर्षी कोणीतरी करायचंच आणि सर तितक्याच गंभीरपणे तेच वाक्य सांगायचे.

मी एम.एस्सी. करावं म्हणून सर स्वतः भाजे गावी आमच्या घरी आले होते. माझे वडील, आबा, ओसरीवर दोर वळत होते. "पोरगी लय शिकली की. आता आनखी काय शिकायचं ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं. सर त्यांच्याशेजारी बसले. "आबा, दोर वेगळा आणि त्याचा पीळ वेगळा असतो का हो?"

"न्हाई. पीळ दोरातच असतुया."

"तसंच. विजेचा भार म्हणजे अवकाशात ठेवलेली वस्तू नव्हे, अवकाशालाच पडलेला पीळ आहे, असं मला वाटतं. खरं की खोटं, ते तपासणारं कोणीतरी हवंय."

आबांनी थोडा विचार केला. "मंग तपासू द्या तिला," म्हणाले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका दुपारने ठरवलं, आणि त्याबद्दल मी सरांची कायमची ऋणी आहे.

वीज, चुंबकत्व आणि इलेक्ट्रॉनसारखे कण ही भूमितीचीच रूपं आहेत, हे मांडणारा ग्रंथ सर तीस वर्षं लिहीत होते. त्यांच्या पंचाहत्तरीला तो छापायचं आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं. मुद्रितं तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या प्रकरणात एके ठिकाणी दिशा उलटी पडली होती. ती सुलटी केली की ज्या दोन राशींची बेरीज व्हायची, त्या एकमेकींना खाऊन टाकत होत्या. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व शून्य येत होतं, आणि प्रत्यक्षात ते शून्य नसतं. हातात पेन धरून सरांनी डावा हात फिरवला होता.

मी आठवडाभर गप्प बसले. कोणाला कळलंही नसतं, हा विचार माझ्या मनात आला होता, तो लपवत नाही. शेवटी कागद घेऊन वलवणला त्यांच्या घरी गेले आणि चूक आठवड्यापूर्वीच सापडल्याचं सांगून टाकलं. सरांनी पान वाचलं, पेन बाजूला ठेवलं, उजवा हात दोनदा फिरवून पाहिला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी दारातूनच विचारलं, "काय झालं हो?"

"प्रकरण गेलं. हिने बरोबर तपासलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आठवडाभर कशाला थांबलात? माझा एक आठवडा वाया गेला."

छपाई त्यांनीच थांबवली. म्हणून आज आपल्या हाती सरांच्या ग्रंथाऐवजी आम्ही लिहिलेला हा गौरवग्रंथ आहे. मला याचं वाईट वाटतं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटतो.

सरांनी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं आहे. अजून दहा वर्षं तरी लागतील, असं ते म्हणतात. ती दहा वर्षं त्यांना धडधाकट प्रकृतीने मिळोत. आणि गणित त्याआधी सुटलंच, तर उरलेली वर्षं सरांनी परत करू नयेत, एवढीच आम्हा सर्वांची विनंती.